रंगाखाली रंग

"रंगाला रंगाखाली जरा निजू द्या."

बिरू हे दिवसातून चार वेळा तरी म्हणायचा. परभणीच्या स्टेशन रोडवर दिनकररावांचा छापखाना होता आणि तिथल्या खिडकीपाशी, एका लाकडी टेबलावर वाकून, सोळा वर्षं तो हेच बोलत आला. पिशवी छापून घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला बोलायचा, छपाईवाल्या ग्यानबाला बोलायचा, कुणी नसलं तर हातातल्या ब्लेडला बोलायचा. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा झोपेत बडबडतोय. पण ती बडबड नव्हती. त्याच्या सगळ्या कामाचा जीव तेवढ्या बोलण्यात होता.

काम सांगायला सोपं आहे. लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी. तिच्यावर कापलेला कागद चिकटवायचा. कागद जिथं कापला तिथून रंग खाली पिशवीवर उतरतो, बाकी ठिकाणी अडतो. लाल रंगाचा कागद वेगळा, पिवळ्याचा वेगळा, हिरव्याचा वेगळा. आता लाल फुलाच्या अंगाला हिरवं पान असलं, तर दोन्ही कागद अगदी बरोबर रेघेवर कापावेत असं कुणालाही वाटेल. आणि तिथंच माणूस फसतो. कापड ओढलं जातं, चौकट केसभर सरकते, हवेतल्या ओलीनं कागद फुगतो. मग फूल आणि पान यांच्या मध्ये पांढरी फट उरते. फट केसाएवढीच, पण एकदा दिसली की डोळ्याला दुसरं काही दिसत नाही.

म्हणून बिरू दोन रंग नुसते भिडवत नसे. फिका रंग तो मापापेक्षा जरा मोठा कापायचा. तो आधी छापायचा, त्याच्या काठावर गडद रंग चढायचा. खाली कोण किती सरकलंय ते झाकून जायचं. छाप बघणाऱ्याला वाटे, दोन रंग एकमेकांतून उगवलेत.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे छापखान्यात कुणी शिकवलं नव्हतं. सोनपेठच्या अलीकडं, गोदावरीच्या, तिकडच्या बोलीत गंगेच्या, काठच्या एका वाडीत तो धनगराच्या घरात जन्मला. आई कासाबाई घोंगड्याच्या दोन पट्ट्या जोडायला बसली की पोराला समोर धरायला बसवायची. पोरगं कडेला कड लावून धरी. आई हातावर चापट मारी. "कड भिडवू नको रं. वाऱ्याला वाट होती. एक बोट आत सरकव." एका पट्टीची कड दुसरीखाली बोटभर जायची आणि मग दाभण फिरायचं. ते घोंगडं पांघरून रानात पाऊस काढला तरी जोडावर थेंब थांबत नसे. पोराच्या हातात ते बोटभर अंतर कायमचं बसलं.

रंगाशी त्याची पहिली ओळखही मेंढरांच्या पाठीवरच झाली. आपली मेंढरं दुसऱ्यांच्या कळपात मिसळली तर कळावीत म्हणून गेरूची खूण करतात. बिरूची खूण सगळ्यांत नीट. गोल म्हणजे गोल. पुढं दुष्काळात कळप गेला. मग तो परभणीच्या एका जिनिंगमध्ये लागला. कापसाच्या गाठींवर मारायचे पत्र्याचे छाप तो कापू लागला. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा पेटला. गोरगरिबांच्या वस्त्या जळाल्या, गाड्या बंद झाल्या. बिरू गावाकडं निघाला होता तो स्टेशन रोडवरच अडकला. दिनकररावांनी त्याला छापखान्याच्या ओसरीत आठ दिवस राहू दिलं. रिकामं बसवेना म्हणून त्यानं तिथल्या एका बिघडलेल्या कामाचा कागद पुन्हा कापून दिला. नवव्या दिवशी गाड्या सुरू झाल्या, पण बिरू गेला नाही. दिनकररावांनी खिडकीपाशी एक टेबल टाकलं होतं.

त्या टेबलावर सोळा वर्षं गेली. अगरबत्तीचे पुडे, कापडदुकानांच्या पिशव्या, शाळांचे बिल्ले, उरुसाचे फलक. बांबूच्या चिपेत अडकवलेलं अर्धं ब्लेड, खाली काच, आणि स्टुलावर आईच्या हातच्या घोंगड्याची घडी. वाडीत बायको भागुबाई आणि भावानं पुन्हा जमवलेली मेंढरं. महिन्यातून एकदा तो जायचा, दोन दिवस राहायचा, परत यायचा. गंगाखेडपासून पूर्णेपर्यंत त्याच्या हातचे रंग लोक खांद्याला अडकवून फिरत होते. नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे.

मग डोळे थकले.

एकदम नाही. आधी पिवळा आणि पांढरा यांतला फरक संध्याकाळी कळेना. मग दुपारीही कळेना. ब्लेड रेघेवर आहे की रेघेशेजारी, हे बोटानं ओळखावं लागलं. डॉक्टरांनी चष्मा दिला, नंबर वाढवला, पुन्हा वाढवला, आणि शेवटी म्हणाले, "बारीक काम कमी करा." बिरूला हसू आलं. त्याच्याजवळ जाड काम होतंच कुठं?

त्यानं मग एक गोष्ट केली, जी त्यानं कुणाला सांगितली नाही. प्रत्येक आकाराभोवती तो काळी रेघ मारायला लागला. फुलाला काळी किनार, पानाला काळी किनार, अक्षराला काळी किनार. सगळ्यात शेवटी काळा छापायचा आणि खाली जिथं जिथं फट राहिली असेल ती त्या रेघेखाली गडप. गिऱ्हाईक खूश. "बिरूभाऊ, लय उठाव आलाय बगा!" असं म्हणायचं. बिरू मान हलवायचा. दीड वर्ष त्यानं काळ्या रेघेखाली आपले डोळे लपवले.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर दिनकररावांनी कॉम्प्युटर आणला. त्याच्यासोबत पूर्णेची कुसुमबाई आली. बाई तिशीची, नांदेडला तीन महिन्यांचा कोर्स केलेली. वडील रेल्वेतून रिटायर झालेले, अर्धांगानं खाटेला खिळलेले. घर तिच्यावरच होतं. सकाळच्या गाडीनं यायची, सव्वापाचच्या गाडीनं जायची. पडद्यावर ती चित्र काढायची आणि छोट्या मशीनमधून ते पारदर्शक कागदावर काळंभोर उतरायचं. तो कागद औषध लावलेल्या जाळीवर ठेवून उन्हाला दाखवला की जाळी तयार. ब्लेडचं कामच नाही.

खोली मात्र तेवढीच होती. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, प्रिंटर ठेवायला जागा पाहिजे, आणि खिडकीपाशी तर बिरूचं टेबल.

ग्यानबा म्हणाला, "बिरूभाऊ, तुमाला सवतीमत्सर व्हायलाय."

"माझी कसली सवत? तिला डोळे दुखत न्हाईत, मला दुखत्यात. एवढाच फरक."

कुसुमबाईनं हे ऐकलं आणि हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपली खुर्ची जरा आत ओढून घेतली, म्हणजे खिडकीतला उजेड बिरूच्या टेबलावर पडेल.

पौषाच्या तोंडावर गंगाखेडहून व्यंकटराव आले. त्यांची डाळमिल. संक्रांतीला तूरडाळ नव्या पिशवीत काढायची होती. मांजरपाटाच्या पिशवीवर लाल आभाळ, त्यात पिवळा सूर्य आणि पिवळ्या अक्षरांत मिलचं नाव, खाली तुरीचं हिरवं झाड. बिरूनं नेहमीसारखा कच्चा नमुना करून दाखवला. व्यंकटरावांनी पिशवी हातभर लांब धरली.

"भाऊ, हे सूर्याभोवती काळं काय हाय?"

"किनार हाय. उठाव येतो त्यानं."

"उठाव कसला? गिऱ्हान लागल्यावानी दिसायलंय. माझी डाळ कोण घेईल? काळी रेघ काढा. सगळीकडची काढा."

दिनकरराव लगेच म्हणाले, "कॉम्प्युटरवर करू. एकदम सफाईदार."

कुसुमबाईनं पडद्यावर सूर्य काढला, आभाळ काढलं, झाड काढलं. कागद निघाले, जाळ्या झाल्या, ग्यानबानं रंग ओतून त्यावरून रबराची पट्टी ओढली. पिशवी वाळत टाकली तेव्हा सूर्याच्या एका बाजूला पांढरी कोर दिसत होती. झाडाच्या बुंध्याशी आणखी एक. पुन्हा केलं. कोर दुसऱ्या बाजूला गेली. तिसऱ्यांदा केलं तर दोन्हीकडं.

दिनकरराव माणूस वाईट नव्हता, पण कॉम्प्युटर आणल्यापासून त्यांची झोप उडाली होती. गावात नामांतराचा निर्णय होणार म्हणून कुजबुज होती. चौकात पोलिसांच्या गाड्या वाढल्या होत्या. बाजार कधी बंद होईल सांगता येत नव्हतं. ते कुसुमबाईवर तडकले.

"तीन महिने काय शिकलात तुमी? एक सूर्य आभाळात नीट बसंना!"

"सर, पडद्यावर तर बरोबर आहे. बघा ना, मोठं करून दाखवते. एकच रेघ आहे दोघांना."

"पडदा विकायचाय का मला? पिशवी विकायची हाय!" मग त्यांनी बिरूकडं पाहिलं. "बिरूभाऊ, तुमीबी कापा. काळ्या रेघेशिवाय. शनिवारी व्यंकटराव येतेत. ज्याचं काम बरोबर निघल, त्याचं टेबल ऱ्हाईल. दोन टेबलं या खोलीत मावत न्हाईत, आता मी काय करू?"

ग्यानबा रबर पुसत राहिला. कुसुमबाई पडद्याकडं बघत होती, आणि पडद्यावरचा सूर्य आभाळात अगदी नीट बसला होता.

बिरू दोन दिवस कापत होता. मान अवघडली की उठायचा, नळावर डोळ्यांना पाणी लावायचा, परत बसायचा. आयुष्यात हजार वेळा केलेलं काम. पिवळा जरा मोठा, लाल त्याच्यावर. पण जरा म्हणजे किती, हे डोळ्याला दिसावं लागतं. घोंगड्याला बोटभर पुरतं. इथं केसभर लागत होतं, आणि केस दिसायचा बंद झाला होता.

शुक्रवारी सकाळी ग्यानबानं ती पिशवी छापली आणि चहाला गेला. दिनकरराव अजून आले नव्हते. दोरीवरची पिशवी वाळल्यावर कुसुमबाईनं काढली. ती खिडकीशी गेली, पिशवीकडं पाहिलं, आणि पटकन घडी घातली.

"कशी आलीय, बाई?" बिरूनं टेबलावरूनच विचारलं.

"चांगली आलीय, काका."

"बघू."

"राहू द्या ना. अजून ओली आहे जरा."

"मग घडी कामून घातली?"

तिनं पिशवी पुढं केली. बिरूनं ती उजेडात धरली. त्याला पिवळा दिसला, लाल दिसला, दोघांच्या मध्ये काही दिसलं नाही. दीड वर्षांत त्याला कधीच काही दिसलं नव्हतं. त्यानं पिशवी काचेवर पसरली, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख सूर्यावरून आभाळाकडं नेलं. रंगाला जाडी असते. नख पिवळ्यावरून गुळगुळीत गेलं, काठाशी आलं, आणि तिथं बारीकसं खाली पडून पुन्हा लालवर चढलं. त्यानं दुसरीकडून नेलं. तिथंही पडलं.

दोन्हीकडं फट होती. बाहेर टांगेवाला कुणाशी तरी भांडत होता.

"खोटं कामून बोललीस?" त्यानं विचारलं. पहिल्यांदा एकेरीत.

"सरांना संध्याकाळच्या उजेडात दिसणार नाही म्हटलं."

"अन् व्यंकटराव?"

ती दोरीवरचे चिमटे सारखे करायला लागली.

"तुझं टेबल गेलं असतं की."

"गेलं असतं," ती म्हणाली. "पण तुम्ही सोळा वर्षं बसलात इथं. मला दोन महिने झालेत."

बिरूनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याला भागुबाईची आठवण झाली, मेंढरांची झाली, आणि फार दिवसांनी आईच्या चापटीची झाली. मग त्यानं स्टूल उचललं, घोंगड्याच्या घडीसकट, आणि कॉम्प्युटरपाशी नेऊन ठेवलं.

"दाखव तुझा सूर्य. मोठा कर. अजून मोठा. आता सांग, पिवळा कुठं संपला?"

"इथं."

"अन् लाल कुठं लागला?"

"तिथंच. एकच रेघ आहे म्हणलं ना, काका. मधे काहीच नाही."

"हेच चुकलं. तुझा पडदा जागचा हलत न्हाई. मांजरपाट हलतं. रंगाला रंगाखाली जरा निजू दे."

हे वाक्य ती दोन महिने ऐकत होती. आज तिनं ते पहिल्यांदा नीट ऐकलं. "म्हणजे एकाला वाढवायचं?"

"व्हय."

तिनं थोडा विचार केला आणि लालला त्याच्याच रंगाची बारीक किनार दिली. लाल सूर्याच्या अंगावर सरकलं. कागद निघाला, जाळी झाली. चहाहून आलेल्या ग्यानबानं छापून पाहिलं. फट नव्हती, पण सूर्य चेपल्यासारखा झाला होता, आणि पिवळी अक्षरं तर भुकेल्या माणसासारखी बारीक.

ग्यानबा म्हणाला, "ह्या सूर्याला दवाखान्यात न्या."

"गडदाला वाढवलंस तू," बिरू म्हणाला. "गडद जिकडं सरकल तिकडं दिसतो, सगळं खातो. फिक्याला वाढव. फिका वाढला तरी गडद त्याच्यावर चढून बसतो. कुणाला कळत न्हाई तो खाली कुठवर गेलाय."

कुसुमबाईनं लालची किनार काढली, पिवळ्याला पिवळीच किनार दिली, केसाएवढी. हिरव्याच्या बाजूनंही तसंच.

"म्हणजे रेघच मारायची," ती म्हणाली, "पण त्याच रंगाची."

बिरू तिच्याकडं बघत राहिला आणि हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "त्याच रंगाची! अन् मी दीड वर्ष काळी मारायलो गं."

तिनं पाठ फिरवून मशीनमध्ये कागद घातला. काळ्या रेघेचं तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ते ती बोलली नाही.

दुपारी उन्हात जाळ्या झाल्या. आधी पिवळा, मग हिरवा, शेवटी लाल. ग्यानबानं पिशवी काढून बिरूसमोर धरली. बिरूनं डोळ्यांनी पाहिलंच नाही. नख फिरवलं. पिवळ्यावरून निघालेलं नख काठाशी आलं आणि न पडता, बारीकशी पायरी चढून लालवर गेलं. त्यानं सूर्याला नखानं पूर्ण प्रदक्षिणा घातली. कुठंही पडलं नाही.

"छाप आता," तो म्हणाला.

शनिवारी व्यंकटराव आले, पिशवी हातभर लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली. "हां! आता दिवस उगवला," म्हणाले आणि सगळ्यांना चहा सांगितला. दिनकररावांचा चेहरा उजळला. त्यांनी कुसुमबाईचं कौतुक सुरू केलं तेव्हा ती उभी राहिली.

"सर, हे काकांचं आहे. मी नुसतं बटण दाबलं."

दिनकररावांनी बिरूकडं पाहिलं. बिरू काच पुसत होता. व्यंकटराव गेल्यावर ते टेबलापाशी आले.

"बिरूभाऊ, मी रागात बोललो होतो. टेबल ऱ्हाऊ द्या. तुमी नुसतं बसा, सांगा."

"बसून काय सांगू, मालक? जे होतं ते सांगून झालं. बाईला आलं ते." त्यानं काच भिंतीला उभी केली. "प्रिंटर इथं ठेवा. खिडकीचं ऊन दोन वाजेपर्यंतच त्याच्यावर येतं, तवर पडदा ओढून ठेवा."

"पण तुमी करणार काय तिकडं?"

"भावाची मेंढरं हायत. गेरूच्या खुणा मारीन. बोटभर इकडं-तिकडं झालं तर मेंढरू तक्रार करीत न्हाई."

दिनकरराव हसले आणि मग त्यांचं हसू थांबलं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसात ओसरीत बसलेला, उपरण्यातली भाकरी अर्धी मोडून छापखान्याच्या चौकीदाराला देणारा माणूस त्यांना आठवला असावा. ते गल्ल्यामागं जाऊन उगाच एक वही उघडून बसले.

बिरूनं ब्लेड चिपेतून काढून कागदात गुंडाळलं आणि कचऱ्यात टाकलं. कुणाचा हात कापायला नको. चीप मात्र टेबलावरच राहिली, ती त्याला दिसली नसेल किंवा दिसली असेल. स्टुलावरची घोंगड्याची घडी त्यानं झटकली. सोळा वर्षांची रंगाची धूळ उडाली. घडी खांद्यावर टाकली.

"येतो, बाई."

"काका, पुढच्या महिन्यात गंगाखेडच्या दुकानाचं काम आहे. सहा रंगांचं."

"मग सहाबी रंग फिक्याकडनं गडदाकडं मोज. पाच येळा निजव."

तो पायरी उतरला. डावा पाय आधी, उजवा मागून, दाराची चौकट बोटांनी चाचपत. उन्हं कलली होती. रस्त्याच्या कडेला पोलिसांची गाडी उभी होती, तिच्या बाजूनं तो एस.टी. स्टँडकडं वळला. सोनपेठची गाडी साडेपाचला होती आणि त्याला घाई नव्हती. ग्यानबा दारात रबर हातात धरून म्हणाला, "बगा, बिरूभाऊ कोपऱ्यावर वळून बघतेत का न्हाई," पण त्याच्या जाळीवर रंग वाळत होता म्हणून तो आत गेला.

कुसुमबाई खिडकीत उभी होती. दोरीवर तीनशे पिशव्या वाळत होत्या, तीनशे सूर्य, आणि त्यातल्या दोन पिशव्यांच्या मधून तिला रस्ता दिसत होता. त्यात एक काळं घोंगडं हळूहळू लहान होत चाललं होतं. स्टेशनात तिच्या सव्वापाचच्या पूर्णेच्या गाडीची शिटी झाली. तिची पर्स खुर्चीला अडकवलेली होती. घोंगडं कोपऱ्यापाशी आलं, एका सायकलवाल्याला वाट द्यायला थांबलं, आणि मागं न बघता वळलं. गाडी सुटल्याचा आवाज आला तरी ती तिथंच उभी होती.